शाल्मलीचा उजेड

रेवती आवटी रोज सकाळी दहा वाजता आपल्या बहिणीच्या मेंदूत जाऊन बसत असे.

मिरजेतल्या मेंदू संशोधन केंद्राच्या सात नंबरच्या खोलीत शाल्मली तीन वर्षं पडून होती. डोळे उघडे असायचे, पण कशावर ठरायचे नाहीत. गळ्यात श्वासाची नळी, पोटात अन्नाची. रेवती हात धुऊन आत यायची, खुंटीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवायची आणि खोली बदलून जायची. पलंग, सलाईनचा स्टँड, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जागच्या जागी दिसायचं. पण त्या सगळ्याला वेढून, छतापर्यंत, शाल्मलीचा मेंदू उभा राहायचा. त्यातून चालता यायचं. धुरकट निळ्या तंतूंच्या जुड्या पलंगावरून निघून खिडकीकडे वळायच्या, कपाटाच्या आरपार जायच्या. रेवती स्टूल ओढून डाव्या कानशिलाच्या भागात बसायची. कानावर पडलेलं बोलणं मेंदूत त्या पट्ट्यात पोचतं, हे तिला आता पाठ झालं होतं.

"ताई, आले गं मी," ती म्हणायची.

आणि तिच्या खांद्यालगत केशरी उजेड फुटायचा. आधी वाटाण्याएवढा, मग पसरत पसरत पुढे कपाळामागच्या भागापर्यंत, जिथे ऐकलेल्याचा अर्थ लागतो तिथपर्यंत जायचा. रेवती बोलायची थांबली की विझायचा. पुन्हा बोलली की पुन्हा यायचा.

त्या उजेडावर ती आणि तिचे बाबा दिवस काढत होते.

हे सगळं घडलं ते २०३८च्या डिसेंबरात, सांगलीच्या घरी, न्हाणीघरातल्या जुन्या गॅस गिझरमुळे. थंडी होती म्हणून शाल्मलीने खिडकी लावून घेतली होती. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं जे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींनी घट्ट चिकटतो. पाय गळून जातात, मग शुद्ध जाते. दार फोडलं तेव्हा शाल्मलीचं हृदय चालू होतं. मेंदूचं मात्र व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

सत्तावीस वर्षांची होती ती. एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. विनोद सांगायला लागली की शेवट येण्याआधी स्वतःच हसत सुटायची, त्यामुळे तिचा एकही विनोद घरात कोणी पुरा ऐकला नव्हता. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची आणि रेवती सहा. शाळेत जाताना रेवतीच्या वेण्या तीच घालायची, आणि इतक्या घट्ट, की रेवतीच्या भुवया वर ओढल्या जायच्या.

घटनेनंतर सहा महिन्यांनी केंद्राच्या प्रमुख डॉ. मंदाकिनी शेजवळ यांनी शाल्मलीला प्रयोगात घेतलं. कवटीखाली केसाहून बारीक साडेतीनशे तंतू बसवायचे. प्रत्येक तंतू आपल्या आसपासच्या काही पेशींची विद्युत हालचाल टिपणार. पण मेंदूत पेशी असतात आठ-नऊ हजार कोटी. मग एवढा सगळा मेंदू चष्म्यात दिसणार कसा, असं शाल्मलीच्या वडिलांनी, शशिकांत आवटींनी विचारलं. ते हायस्कूलात भूगोल शिकवत.

"मधलं संगणक भरून काढतो," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे समपर्जन्य रेषा," शशिकांत म्हणाले. "जिल्ह्यात पर्जन्यमापक असतात बारा-पंधरा. नकाशात मात्र आपण गावोगावचा पाऊस रंगवतो. मधल्या गावांचा अंदाजाने."

"अगदी तसंच, सर."

"आणि मधे डोंगर आला तर? डोंगराच्या पलीकडे पाऊस नसतो."

डॉक्टर हसल्या. "म्हणून तर आधी तीनशे धडधाकट माणसांचे मेंदू मोजून ठेवलेत. डोंगर कुठे असतात ते संगणकाला माहीत आहे."

शशिकांतांचं समाधान झालं. त्यांनी सही केली.

पहिले आठ-दहा महिने चष्म्यात फारसं काही दिसलं नाही. इकडेतिकडे एखादी ठिणगी, तीही कशामुळे ते न कळणारी. मग पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चित्र काढणाऱ्या संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि तिसऱ्याच दिवशी रेवतीच्या बोलण्याबरोबर तो उजेड पहिल्यांदा फुटला. शशिकांत खोलीच्या मधोमध उभे राहून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे वाटले. डॉ. शेजवळ यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. परदेशातून माणसं आली, चष्मे लावून सात नंबरच्या खोलीत हिंडली, माना हलवून गेली.

गंमत म्हणजे उजेड रेवतीच्याच आवाजाला सर्वांत जास्त यायचा. बाबांच्या आवाजाला कमी, नर्सच्या आवाजाला त्याहून कमी. रेवतीला कोचीला समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली होती. ती तिने सोडली. कोणी सांगितलं नाही, कोणी अडवलंही नाही. बाबा एवढंच म्हणाले, "तुझाच आवाज ओळखते ती."

त्या उजेडाने आणखीही एक केलं. शाल्मलीला तीनदा न्यूमोनिया झाला. दोनदा कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. तंतू बदलायला कवटी पुन्हा उघडली. पाठीला जखमा झाल्या, त्या भरायला चार महिने गेले. दर वेळी डॉक्टर हळूच विचारायच्या, इथे थांबायचं का. आणि दर वेळी शशिकांत चष्म्याकडे बोट दाखवायचे. "ती ऐकतेय, डॉक्टर. ऐकणाऱ्या माणसाला मी काय म्हणून सोडू?"

ऑगस्ट २०४२ मधल्या एका मंगळवारी रेवती नेहमीसारखी पेपर वाचून दाखवत होती. इरफान मुजावर हा तंत्रज्ञ पलंगाच्या डोक्याशी काहीतरी करत होता. पहिल्या दिवसापासून ही प्रणाली त्याच्याच हाताखाली होती. रेवतीने कोयनेच्या पाणीसाठ्याची बातमी वाचली, मग चेंडू लागून काच फुटल्यावरून झालेल्या मारामारीची. ती वाचताना तिलाच हसू आलं. खांद्यालगतचा उजेड भरभरून फुलला.

"बघा, हसली ताई," ती म्हणाली.

इरफानने सहज आपला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो तसाच उभा राहिला.

"रेवतीताई, थांबा जरा."

ती थांबली. उजेड विझला.

"आता बोला काहीतरी."

"काय बोलू?"

तेवढ्यानेही उजेड आला. इरफानने हात वर केला. त्याच्या हातात शाल्मलीच्या डोक्यापासून यंत्राकडे जाणारी केबल होती. जोडणीत घाम जातो म्हणून आठवड्यातून एकदा ती काढून पुसावी लागे. एरवी त्या वेळी खोलीत कोणी बोलत नसे. केबलचं टोक मोकळं होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"हा उजेड कुठून येतोय मग?" रेवतीने विचारलं. तिच्या आवाजाबरोबर तो आणखी वाढला.

इरफानने खोलीच्या कोपऱ्यात, छतालगत बसवलेल्या मायक्रोफोनकडे पाहिलं.

कोणी खोटं बोललं नव्हतं. मायक्रोफोन पहिल्या दिवसापासून नुसत्या नोंदी साठवत होता; नव्या आवृत्तीत चित्र अधिक अचूक व्हावं म्हणून त्याचा आवाजही प्रणालीला द्यायला सुरुवात झाली होती. रोग्याच्या कानावर काय पडतंय ते कळलं तर मेंदूतल्या अंधुक खुणांचा अर्थ लावणं सोपं जाईल, असा विचार होता. धडधाकट माणूस प्रेमाच्या माणसाचा आवाज ऐकतो तेव्हा मेंदूत काय काय उजळतं, हे प्रणाली त्या तीनशे जणांवरून शिकली होती. इकडे शाल्मलीच्या तंतूंभोवती व्रणाच्या पेशींची जाळी वाढत गेली आणि तंतूंकडून येणारे संकेत क्षीण होत गेले. प्रणालीला तंतूंच्या कानाने काहीच ऐकू येईना, मायक्रोफोनच्या कानाने स्वच्छ येत होतं; प्रणालीने दुसऱ्या कानावर भरवसा ठेवला. रेवती खूप बोलायची, मनापासून बोलायची, म्हणून तिच्या आवाजाला उजेड जास्त. चष्म्यात दिसत होता तो शाल्मलीचा मेंदू नव्हता. तिच्या जागी एखादी धडधाकट बहीण असती तर तिच्या मेंदूत काय झालं असतं, त्याचं ते चित्र होतं.

त्या दिवशी रेवती केंद्राच्या मागच्या बाजूला, कपडे वाळत घालतात तिथल्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिली. तिच्या मनात एकच तारीख होती. तेरा मार्च, गेल्या वर्षीची.

त्या दिवशी खोलीत कोणी नसताना तिने शाल्मलीला ती गोष्ट सांगितली होती. "ताई, मी सगळ्यांना सांगितलं की मला काही ऐकू आलं नाही. मला आलं होतं. तू आतून दार वाजवलंस, दोनदा. मी कानाला हेडफोन लावून सिनेमा बघत होते. मला वाटलं नेहमीसारखा टॉवेल विसरलीस. मी 'येते गं' म्हटलं आणि उठले नाही. सीन संपेपर्यंत बसले. मग विसरले. ताई, मला माफ कर."

तेव्हा उजेड असा फुटला होता, की सगळी खोली केशरी झाली. कधी नव्हे तो मेंदूच्या आतल्या भागापर्यंत, भावनांच्या जागांपर्यंत पोचला होता. रेवती पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून रडली होती. माफी मिळाली असं समजून ती दीड वर्ष जगली होती. तो तिच्याच हुंदक्यांचा उजेड होता.

आठवड्याभरात डॉ. शेजवळ यांनी तीन वर्षांचे मूळ संकेत, काहीही भरून न काढता, पुन्हा तपासले आणि आवटींना बोलावलं. स्वतःची चूक सांगताना त्या अडखळल्या नाहीत, पण हातातलं पेन सारखं उघडत-मिटत होत्या.

"कोणाच्याही आवाजाला उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून नाही."

शशिकांत टेबलाकडे बघत म्हणाले, "म्हणजे तिला काहीच कळत नव्हतं. ऑपरेशनं, नळ्या, काहीच नाही. तेवढं तरी बरं म्हणायचं."

डॉक्टरांनी पेन मिटून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, हे मला तुमच्यापासून लपवता येणार नाही. एका गोष्टीला संकेत येतो. गळ्याच्या नळीतला कफ यंत्राने ओढतात तेव्हा. लहानसा, दोन ठिकाणी, पण दर वेळी येतो."

"दुखतं तिला?"

"त्याला दुखणं म्हणावं का, ते ज्याला जाणवेल असं कोणी आत आहे का, हे मला सांगता येत नाही. आज कोणालाच सांगता येणार नाही."

"दिवसातून आठ वेळा ओढतात," रेवती म्हणाली.

"मग ते चष्म्यात का नाही दिसलं?" शशिकांतांनी विचारलं. वर्गात एखाद्या मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर विचारावं तसा त्यांचा सूर होता.

"फार लहान होतं. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून प्रणाली तेवढं पुसून टाकते. गोंगाट समजून."

शशिकांत उठले आणि सात नंबरच्या खोलीत गेले. त्यांनी इरफानला सांगितलं, "जे खरं आहे तेवढंच दाखवा." इरफानने संगणकाचा भराव काढून टाकला. शशिकांत चष्मा लावून उभे राहिले. नर्सने कफ ओढायचं यंत्र चालू केलं. शशिकांतांनी वर बघितलं, मग बाजूला, मग चष्मा काढून खुंटीला अडकवला. तो पुन्हा त्यांनी कधी लावला नाही.

त्या संध्याकाळी बसमधून सांगलीला परतताना ते म्हणाले, "आता पुन्हा न्यूमोनिया झाला तर यंत्रावर ठेवायचं नाही. मी सांगून आलोय."

"हो बाबा."

"आणि तुझ्या बोलण्याच्या नोंदी मागितल्यात मी. त्या मायक्रोफोनने सगळं साठवून ठेवलंय म्हणे. तीन वर्षं तू बोललीस आणि ऐकलं कोणीच नाही. मी ऐकतो. कोणीतरी ऐकायला हवं ना."

रेवतीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती उचलायला वाकली आणि मग बराच वेळ वर झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने इरफानला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "एक नोंद पुसायची आहे. एकच."

"कुठली ते सांगू नका मला," इरफान म्हणाला. "रोग्याच्या सगळ्या नोंदींवर पालकांचा हक्क असतो. नियमच आहे तसा."

"इरफानभाई, प्लीज."

"त्या यंत्राने लहान म्हणून काहीतरी पुसलं, ताई. त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. माझ्या हाताने आता काही पुसलं जाणार नाही." त्याने मान खाली घातली. "त्यांना तुम्हीच सांगून टाका."

शशिकांत मागच्याच वर्षी निवृत्त झाले होते. सकाळी चहा झाला की ते कानात इअरफोनची बटणं घालून व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसत आणि अगदी पहिल्या दिवसापासून, क्रमाने ऐकत. एकेका बैठकीत पंधरा-पंधरा दिवसांचं बोलणं. जेवताना सांगत, "आज तू तिला आंब्याच्या लोणच्याचा घोळ सांगत होतीस," किंवा "आज पहिल्यांदा उजेड फुटला. किती आनंदाने ओरडलीस." ते क्वचित हसतही. आई गेल्यापासून घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. रेवतीला वाटायचं, आत्ता सांगावं. ती ताट पुढे ओढून "बाबा" म्हणायची. ते मान वर करायचे. ती म्हणायची, "आमटी घ्या."

सप्टेंबरच्या शेवटी शाल्मलीला ताप आला. तोवर शशिकांत दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत पोचले होते. या वेळी श्वासाचं यंत्र आणलं नाही. श्वास हलका व्हावा म्हणून औषध दिलं. कफ ओढणंही कमीत कमी. चार दिवस दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून राहिली. रेवती बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी नर्सने सांगितलं, चादर बदलायची आहे, दहा मिनिटं बाहेर थांबा. दोघं कॅन्टीनला गेली. चहा येईपर्यंत शाल्मली गेली होती.

विधी, येणारी-जाणारी माणसं, यात दोन आठवडे गेले. मग एका सकाळी शशिकांतांनी बटणं पुन्हा कानात घातली. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. आता ते जेवताना काही सांगत नसत. रेवती दिवस मोजत होती.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिने स्वयंपाकघरातून बघितलं तर त्यांनी बटणं काढून मांडीवर ठेवली होती. ती व्हरांड्यात येऊन दाराशी उभी राहिली. समोरच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती.

"दोनदा वाजवलं तिने दार?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"तू येते म्हणालीस."

"हो."

"मोठ्याने म्हणालीस का?"

रेवतीला कळलं नाही. "म्हणजे?"

"तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणालीस का?"

इतक्या वर्षांत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने आठवून पाहिलं. कानाला हेडफोन असले की ती नेहमीच मोठ्याने बोलायची. शाल्मली त्यावरून तिला चिडवायची.

"हो," ती म्हणाली. "मोठ्याने म्हणाले."

"म्हणजे ती वाट बघत थांबली," शशिकांत म्हणाले. "तिसऱ्यांदा वाजवलं नाही तिने."

ते उठले, माठातलं भांडंभर पाणी प्यायले आणि आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी लावलं नाही, नुसतं लोटलं.

त्यांनी तिला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. नातेवाइकांपैकी कोणाला काही सांगितलं नाही. तिने केलेलं जेवत, तिला ताप आला तेव्हा औषध आणून दिलं. नोंदींचं पुढचं दीड वर्ष मात्र त्यांनी ऐकलंच नाही. केंद्राने प्रणालीतून मायक्रोफोन काढून टाकला, डॉ. शेजवळ यांनी आपला निबंध मागे घेतला. राज्यात हीच प्रणाली वापरणाऱ्या आणखी अकरा कुटुंबांचे चष्मे त्याच आठवड्यात काळे झाले. त्यातल्या एका आईने केंद्राला पत्र लिहून तो जुना खोटा उजेड परत मागितला, असं इरफानने रेवतीला सांगितलं.

कोचीची जागा आता मिळण्यासारखी नव्हती. रेवती रत्नागिरीला मत्स्यसंशोधनाच्या एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला लागली. समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, क्षारता मोजायची. निघताना बाबांनी तिची बॅग रिक्षापर्यंत आणून दिली.

दर रविवारी सकाळी ती फोन लावते. शशिकांत दुसऱ्या रिंगला उचलतात. "हं" म्हणतात. मग ती बोलते: पाण्याचं, मासळीचं, खोलीच्या मालकिणीचं, बसच्या गर्दीचं. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येते, कधी भांडं सरकवल्याचा आवाज. ते मधे काही विचारत नाहीत, आणि फोनही ठेवत नाहीत. अर्धा-पाऊण तास झाला की तीच म्हणते, "ठेवते बाबा."

ऐकताय ना, असं तिने अजून एकदाही विचारलेलं नाही.